पांखरांची शिरगणती



माणसांच्या शिरगणतीची आपल्याला संवय आहे. १८८१ सालापासून ती दर दहा वर्षांनीं होत आली. २०२१ सालीं काय ती चुकली. गुरांची गणना होते, वाघांचीही होते, आणि वाघांचे आंकडे आले म्हणजे वर्तमानपत्रें ते मोठ्या अक्षरांत छापतात. परंतु शाळेच्या मैदानावर डबा खातांना मुलांच्या पायांत घोटाळणाऱ्या साळुंक्यांची गणना करावी, आणि ती पांचवी-सहावींतल्या मुलांनीं वही-पेन्सिल घेऊन करावी, असें कोणीं म्हटलें कीं सुशिक्षित माणसाच्याही चेहऱ्यावर किंचित् हसूं येतें. साळुंक्या मोजून काय करावयाचें? त्या तर आहेतच!

ह्या ‘आहेतच’ शब्दाविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

नाशिकचें इंदिरानगर हें त्यासाठीं चांगलें ठिकाण आहे. चांगलें अशासाठीं कीं, पक्ष्यांकरितां तें मुळींच प्रसिद्ध नाहीं. मुंबई-आग्रा महामार्गाच्या अंगानें वाढलेली ही रहिवाशी वस्ती. इमारती, बंगले, दुकानें, वाहनांची वर्दळ, आणि मध्येंच एखाद्या शाळेचें मैदान. त्याच्या कडेला एखादा कडुनिंब, एखादा गुलमोहर, पाण्याची टांकी, विजेच्या तारा. नाशिककरांना पक्षी पाहावयाचे असले म्हणजे ते निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वराला जातात. गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळें तेथें विस्तीर्ण पाणथळ झाली. १९८६ सालीं तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२० च्या जानेवारींत रामसर करारांतल्या यादींत समाविष्ट झालेलें महाराष्ट्रांतलें पहिलें स्थान होण्याचा मान तिनें मिळविला. हिंवाळ्यांत दूरदेशचीं बदकें पाहावयाला तेथें जावें हें उत्तमच. पण वर्षांतून एकदां सहलीला जाऊन पाहिलेला पक्षी हा पाहुणा झाला. शाळेच्या मैदानावरचा पक्षी शेजारी आहे. पाहुण्याची जेवढी विचारपूस आपण करतों तेवढी शेजाऱ्याची करीत नाहीं, हा आपला जुनाच स्वभाव!

ही मोजणीची कल्पना निघाली कोठून, तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत नाताळच्या दिवसांत बंदुका घेऊन दोन तट पाडावयाचे, आणि ज्या तटाच्या पुढें मारलेल्या पशुपक्ष्यांचा ढीग मोठा तो जिंकला असें ठरवावयाचें, अशी एक करमणूक रूढ होती. १९०० सालच्या नाताळांत फ्रँक चॅपमन ह्या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, ह्या वर्षीं मारण्याऐवजीं मोजून पाहूं या. त्या दिवशीं सत्तावीस माणसें मोजावयाला बाहेर पडलीं. ती प्रथा आजपर्यंत चालू आहे. इंग्लंडांतल्या पक्षिसंरक्षक संस्थेनें १९७९ सालीं मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या द्वारें बालप्रेक्षकांना विनंती केली कीं, आपापल्या बागेंत एक तास बसून पक्षी मोजा आणि कळवा. एवढ्या एका वेळेपुरताच बेत होता. पण मुलांनीं चौतीस हजारांहून अधिक पत्रकें भरून धाडलीं, आणि एका वेळेचा तो बेत वार्षिक होऊन बसला. मोठ्या माणसांना त्यांत २००१ सालीं प्रवेश मिळाला. म्हणजे बावीस वर्षें तें काम मुलांचेंच होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १९९८ सालीं अमेरिकेंतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षि-प्रयोगशाळा आणि ऑड्युबन सोसायटी ह्यांनीं फेब्रुवारींतल्या चार दिवसांत आपापल्या परसांतले पक्षी मोजण्याचा उपक्रम काढला. २०१३ पासून तो जगभर खुला झाला आणि त्याच वर्षीं भारतांतही सुरू झाला. शाळा-महाविद्यालयांच्या आवारांतली मोजणी हें त्याचेंच एक अंग आहे.

कृति अगदीं सोपी आहे. निदान पंधरा मिनिटें एका ठिकाणीं उभें राहावयाचें, किंवा मैदानाला सावकाश फेरी घालावयाची. जो पक्षी दिसेल अथवा ऐकूं येईल त्याचें नांव आणि नांवापुढें संख्या लिहावयाची. वेळ आणि जागा नोंदवावयाची. मग ही यादी ‘ई-बर्ड’ नांवाच्या जागतिक नोंदवहींत शिक्षकांनीं संगणकावरून किंवा मोबाईलवरून भरावयाची. दुर्बीण असली तर बरें. नसली तरी अडत नाहीं. साळुंकी ओळखावयाला दुर्बीण कशाला हवी?

परंतु ‘सोपी’ म्हटलेली ही कृति करूं लागलें कीं तिच्यांतली गंमत आणि अवघडपणा दोन्ही एकदम कळतात. समजा, कुंपणावर एक साळुंकी बसली आहे. ती उडाली आणि टांकीच्या मागें गेली. क्षणभरानें टांकीच्या दुसऱ्या बाजूनें एक साळुंकी आली. ही दुसरी, कीं तीच? दहा वर्षांचें मूल तात्काळ सांगेल, दोन! शेजारचा मुलगा म्हणेल, एकच. आतां निकाल कसा लावावयाचा? इंग्लंडांतल्या मोजणीनें ह्यावर एक मोठा शहाणपणाचा नियम केला आहे. तासाभरांत साळुंकी कितीही वेळां येवो. एका दृष्टिक्षेपांत एकदम जास्तींत जास्त जितक्या दिसल्या तितकाच आंकडा लिहावयाचा. सात वेळां एकेक दिसली तर एक; एकदां चार एकत्र दिसल्या तर चार. आंकडा कदाचित् खऱ्यापेक्षां कमी येईल, पण खऱ्यापेक्षां जास्त येणार नाहीं. आणि दर वर्षीं त्याच रीतीनें मोजलें म्हणजे दोन वर्षांची तुलना न्यायाची होते. आपल्या इकडच्या मोजणींत ह्याच नियमाची सक्ति नाहीं, पण तोच पक्षी दोनदां मोजूं नये हें तत्त्व तेंच आहे, आणि शाळकरी मुलांना शिकवावयाला मला तरी हा नियम सर्वांत सोयीचा वाटतो. ‘मला जेवढें नक्की ठाऊक आहे तेवढेंच मी लिहितों’ हा धडा पुस्तकांतून एवढ्या नीट समजावून देतां येत नाहीं.

मग भोरड्यांचा प्रश्न येतो. मध्य आशियाकडून हिंवाळ्यासाठीं येणाऱ्या ह्या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचे थवे फेब्रुवारींत पांगारा आणि सांवर फुलली कीं त्यांवर तुटून पडतात. मैदानावरून असा एक थवा सर्रकन् निघून गेला तर मोजावयाचा कसा? एकेक पक्षी मोजावयाला सवड नसते. तेव्हां थव्याचा दहा पक्ष्यांएवढा एक घांस डोळ्यांत भरून घ्यावयाचा, आणि असे किती घांस त्या थव्यांत बसतील तें पाहावयाचें. कोणी ऐंशीं म्हणतो, कोणी एकशें वीस. दोन-चार वेळां सराव झाला कीं वर्गांतल्या मुलांचे अंदाज एकमेकांच्या जवळ येऊं लागतात. अंदाज बांधणें म्हणजे ठोकून देणें नव्हे, हें गणिताच्या तासालाही क्वचितच कळतें.

कान हेंही ह्या कामांतलें साधन आहे, आणि शिक्षकांना ह्याचा एक अनपेक्षित लाभ होतो. तांबट पानांच्या रंगांत असा मिसळून जातो कीं तो बसलेला दिसत नाहीं. परंतु तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा ‘टुक् टुक्’ आवाज सबंध मैदानावर ऐकूं येतो. तो टिपावयाचा तर चाळीस मुलांना तोंड मिटून उभें राहावें लागतें. छडीनें जें होत नाहीं तें पुष्कळदां तांबटानें होतें.

नांवांचा गोंधळ मात्र प्रथम पुष्कळ होतो. आणि तो व्हावा असेंच मी म्हणेन. नाशिकसारख्या वाढत्या शहराच्या वस्तींत खानदेशांतलीं, कोंकणांतलीं, मराठवाड्यांतलीं कुटुंबें शेजारीं राहतात. एका घरीं ज्याला भारद्वाज म्हणतात त्याला दुसऱ्या घरची आजी कुंभारकावळा म्हणते; एकाची साळुंकी ती दुसऱ्याची मैना. मुलांनीं घरीं जाऊन विचारावें, आणि एका पक्ष्यापुढें मिळतील तेवढीं नांवें लिहून आणावींत. २०२५ सालीं दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली ह्यांनीं आयुष्यभर अरण्यांत हिंडून लोकांच्या तोंडचीं अशीं नांवें गोळा केलीं आणि आपल्या ‘पक्षिकोशां’त मांडून ठेवलीं. तो कोश शाळेच्या ग्रंथालयांत असेल तर मोजणीच्या दिवशीं तो कपाटाबाहेर काढावा.

आतां चिमणीकडे येतों. कारण नाशिकमध्यें पक्ष्यांविषयीं बोलावयाचें आणि चिमणीला वगळावयाचें हें शक्यच नाहीं. २० मार्च हा दिवस जगांत ‘चिमणी दिन’ म्हणून पाळला जातो. २०१० सालीं तो प्रथम साजरा झाला, आणि त्यामागें पुढाकार होता तो नाशिकचे महंमद दिलावर आणि त्यांनीं स्थापिलेली ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ ह्यांचा. चिमणीसारख्या क्षुद्र मानलेल्या पांखराची काळजी वाहण्याची हांक आपल्या गोदातीरावरून जगाला गेली, ही नाशिककरांनीं मिरविण्यासारखी गोष्ट आहे. तेव्हांपासून घराघरांत एक वाक्य ऐकूं येतें: ‘चिमण्या आतां राहिल्या नाहींत.’ जुन्या वाड्यांत तुळयांच्या फटींत, भिंतीवरच्या तसबिरीमागें त्यांचीं घरटीं असत. आतांच्या सपाट भिंतींच्या घरांत त्यांना फट सांपडत नाहीं. हें सगळें खरें आहे.

पण ‘राहिल्या नाहींत’ म्हणजे किती राहिल्या नाहींत? निम्म्या गेल्या? नव्वद टक्के गेल्या? कीं आपण चौथ्या मजल्यावर राहावयाला गेलों आणि त्या खालींच राहिल्या? ह्याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. २०२० सालीं भारतांतल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला देशव्यापी अहवाल निघाला. तो सुमारे पंधरा हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर रचलेला होता, आणि त्यांतला चिमणीविषयींचा निष्कर्ष वाचून पुष्कळांना नवल वाटलें. सबंध देशाचा विचार करतां गेल्या पंचवीस-एक वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण स्थिर होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद ह्या सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटत चालली होती. ह्यावरून चिमणीसाठीं हळहळणारे खोटे ठरत नाहींत. शहरांतल्या माणसाचा अनुभव शहरापुरता खरा आहे. पण रडावें कोठें आणि किती, हें मोजल्यावांचून कळत नाहीं.

आणि येथेंच माझें खरें दुखणें आहे. १९५० सालीं नाशिकच्या एखाद्या शाळेच्या आवारांत किती चिमण्या होत्या? त्या वेळीं पक्ष्यांचे जाणकार नव्हते असें नाहीं. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करीत होती, सालीम अली ह्यांचें भारतीय पक्ष्यांवरचें प्रसिद्ध पुस्तक १९४१ सालीं निघालें होतें. परंतु शाळेच्या पडवींतल्या चिमण्या मोजण्याचें कोणाच्या मनांत येणार? जी वस्तु विपुल असते तिची नोंद कोणी ठेवीत नाहीं. आणि ती दुर्मिळ झाल्यावर, पूर्वी किती होती तें सांगावयाला कोणी उरत नाहीं. आज इंदिरानगरांतल्या मुलांनीं लिहिलेलें ‘साळुंकी: अकरा’ हें वाक्य आज क्षुल्लक दिसेल. तें आणखी तीस वर्षांनीं वाचावयाचें आहे.

इंग्लंडांतल्या मुलांचा दाखला ह्यासाठींच मोलाचा वाटतो. तेथें १९७९ पासूनची ओळ तुटलेली नाहीं, आणि म्हणून तेथले लोक ठामपणें सांगूं शकतात कीं, बागांत येणाऱ्या चिमण्यांची सरासरी तेव्हांपासून निम्म्याहून अधिक उतरली आहे. गंमत ही कीं, इतकी उतरूनही चिमणी वर्षानुवर्षें त्यांच्या यादीच्या अग्रस्थानींच आहे! नुसत्या डोळ्यांनीं पाहणाऱ्याला ती ‘सर्वांत अधिक दिसणारी’ असल्यामुळें तिच्याविषयीं शंकासुद्धां आली नसती. एकट्या आजच्या आंकड्याला अर्थ नाहीं. कालचा आंकडा शेजारीं असावा लागतो.

आपल्याकडचा दुसरा अहवाल २०२३ सालचा. ह्या वेळीं नोंदी देणारे तीस हजारांच्या घरांत होते, आणि ९४२ जातींचा त्यांनीं विचार केला. ३३८ जातींविषयीं दीर्घ काळचा कल सांगण्याइतकी सामग्री मिळाली. त्यांपैकीं २०४ जाती घटल्या आहेत. मोर, कोकीळ, पारवा हे वाढत आहेत. पारव्याचें वाढणें इंदिरानगरांतल्या कोणत्याही गृहिणीला अहवालावांचून ठाऊक आहे. गॅलऱ्यांना लावलेल्या जाळ्याच त्याचा पुरावा! परंतु घटणाऱ्यांच्या यादींत एक नांव वाचून मी थांबलों. तें चास पक्ष्याचें, ज्याला आपण नीळकंठ म्हणतों. मोकळ्या रानांत तारेवर बसणारा, उडाला कीं निळ्या रंगाचा झोत सोडणारा हा पक्षी. दसऱ्याला त्याचें दर्शन शुभ मानण्याची चाल देशाच्या पुष्कळ भागांत आहे. त्याची घट इतकी झाली आहे कीं, संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादींतलें त्याचें स्थान पुन्हां तपासावें, अशी शिफारस ह्या अहवालानें केली. चिमणीसाठीं जगानें एक दिवस राखून ठेवला. चासासाठीं कोणी हळहळलें नाहीं, कारण तो कमी होत आहे हेंच कोणाला दिसलें नव्हतें.

तर मैदानावर काय आहे ह्याइतकेंच, काय नाहीं हेंही लिहिलें गेलें पाहिजे. नोंदवहींत यादी भरतांना एक प्रश्न येतो: तुम्हांला ओळखतां आलेले सर्व पक्षी ह्या यादींत आहेत काय? त्याला ‘होय’ असें प्रामाणिक उत्तर दिलें, कीं यादींत नसलेल्या पक्ष्याविषयींही आपोआप साक्ष होते. त्या सकाळीं, त्या पंधरा मिनिटांत, त्या मैदानावर चास नव्हता. हें शून्य फार मौल्यवान आहे. आणि मुलांच्या हातून तें निसटण्याचा धोकाही तेवढाच मोठा आहे. कारण शाळा म्हटली कीं चढाओढ आली. अमक्या शाळेच्या यादींत तीस जाती आणि आमच्या यादींत बाराच? मग कोणाला तरी टांकीवर ससाणा दिसतो, कोणाला सुगरण दिसते. माझी शिक्षकांना विनंति अशी कीं, ह्या कामाला गुण देऊं नयेत, बक्षीस तर नकोच. ज्या मुलीनें कावळे पांच, पारवे चौदा, साळुंक्या सहा, बुलबुल दोन आणि बाकी कांहीं नाहीं असें लिहिलें, आणि तें खरें असलें, तिची यादी पुरी झाली.

ह्या यादीचा उपयोग शास्त्रज्ञांनाच होतो असें समजूं नये. चिमणी धुळींत आंघोळ करते. पिसांतल्या उवा-गोचिडींवर तो तिचा उपाय आहे. तिचीं पिल्लें पहिले कांहीं दिवस मुख्यतः किड्यांवर वाढतात, आणि किडे माती-गवताच्या आश्रयानें राहतात. टिटवी तर अंडींच उघड्या जमिनीवर घालते. हल्लीं पुष्कळ शाळांना मातीचें मैदान गैरसोयीचें वाटूं लागलें आहे. पावसाळ्यांत चिखल होतो, गणवेष मळतात, पालक तक्रार करतात; मग पेव्हर ब्लॉक बसवून सगळें स्वच्छ करण्याचा ठराव येतो. पालकांची तक्रार खोटी नसते, आणि पायवाटेवर फरशी असावी हेंही योग्य. पण सबंध मैदान झांकावयाचें कीं एक कोपरा मातीचा, गवताचा ठेवावयाचा, हें ठरवितांना पालकांच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ असतात. पांखरांच्या बाजूनें पुढें ठेवावयाला कागद लागतो. गेल्या पांच फेब्रुवारींत त्या कोपऱ्यांत काय काय उतरलें, ह्याची मुलांच्या हातची वही व्यवस्थापकांपुढें ठेवली, तर निदान ‘तेथें काय आहे?’ हा प्रश्न तरी कोणी विचारणार नाहीं.

सालीम अलींच्या बालपणाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. दहा-एक वर्षांच्या ह्या मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून मामा अमीरुद्दीन तय्यबजी ह्यांनीं त्याला नॅचरल हिस्टरी सोसायटींत धाडलें, आणि तेथें मिलार्डसाहेबांनीं ती पीतकंठी चिमणी असल्याचें सांगून त्याला संग्रहांतले पक्षी दाखविले. ही गोष्ट सांगतांना आपण बंदुकीवर थांबतों. त्या घरांत मुलाच्या कुतूहलाला ‘जा, विचारून ये’ असें म्हणणारा एक वडील माणूस होता, आणि विचारावयाला गेलेल्या मुलाला हांकलून न देणारा एक अधिकारी भेटला, ह्याकडे आपलें लक्ष कमी जातें. आज बंदुकीची गरज नाहीं; त्या दोन माणसांची आहे. ‘हा कोणता पक्षी?’ ह्या प्रश्नाला घरांत ‘असेल कोणता तरी’ हें उत्तर मिळूं नये, एवढें पालकांनीं पाहावें.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. मोजणी दर वर्षीं त्याच वेळीं करावी. सकाळीं सूर्य उगवल्यापासून पहिल्या दोन तासांत पक्षी सर्वांत अधिक हालचाल करतात. जागाही तीच असावी. आणि वही मुलांबरोबर घरीं जाऊं देऊं नये. सातवीचा वर्ग दहावी होऊन शाळेबाहेर पडेल. वहीनें शाळेंतच राहावें, हजेरीपटासारखें, कपाटांत. पहिल्या पानावर मैदानाचा कच्चा नकाशा काढावा, झाडें कोठें आहेत आणि किती, माती कोठें आणि फरशी कोठें, तें त्यांत दाखवावें. दुसऱ्या पानावर तारीख, वेळ, मोजणाऱ्यांचीं नांवें. त्याखालीं पहिली ओळ चिमणीची, आणि तिच्यापुढें त्या सकाळीं जो आंकडा निघेल तो.